कॅज्युअल्टीतली लागण: कामाच्या नोंदी

७ एप्रिल २०२०

कॅज्युअल्टीत, म्हणजे रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात, कर्मचाऱ्यांना कोरोनाची लागण होऊ न देण्याचं काम आजपासून माझ्याकडे. सीएस (जिल्हा शल्यचिकित्सक) सरांनी केबिनमध्ये बोलावून एवढंच सांगितलं, "कॅज्युअल्टी एक दिवसही बंद पडता कामा नये. बाकी तुम्ही बघा." लेखी आदेश उद्या निघेल.

मुंबईत एका खासगी रुग्णालयातल्या सिस्टर आणि डॉक्टर मोठ्या संख्येने पॉझिटिव्ह निघाले आणि अख्खं रुग्णालय कंटेनमेंट झोन झालं, ही बातमी इथे सगळ्यांनी वाचली आहे. तिथे एक बंद झालं तर दुसरं सापडेल. आमचं बंद झालं तर साप चावलेल्या माणसाला घेऊन घरच्यांनी थेट नागपूर गाठायचं.

भीती उगाच नाही. २००३च्या सार्सच्या (कोरोनासारख्याच श्वसनरोगाच्या) साथीत जगभरात नोंदलेल्या ८,०९६ रुग्णांपैकी १,७०६ आरोग्य कर्मचारी होते, म्हणजे पाचांत एक. आणि वॉर्डापेक्षा कॅज्युअल्टी अवघड. वॉर्डात पेशंट येतो तेव्हा त्याचं काहीतरी निदान झालेलं असतं. इथे कोण काय घेऊन आलाय हे कळायच्या आत आपण त्याला हात लावलेला असतो. फवारणीचं औषध प्यायलेला, ट्रॅक्टरखाली पाय आलेला, कळा सुरू झालेली, दम लागलेला म्हातारा, सगळे एकाच दारातून एकाच हॉलमध्ये.

९ एप्रिल

काहीही बदलायच्या आधी एक शिफ्ट नुसतं बसून बघायचं ठरवलं. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलो आणि पेशंटपासून हातभर अंतरात कोण येतं ते लिहीत गेलो.

१०८ आली की पहिला हात वॉर्डबॉयचा, म्हणजे आमच्या मामांचा. पेशंटच्या काखेत हात घालून त्याला स्ट्रेचरवर ओढताना मामांचा चेहरा पेशंटच्या तोंडापासून वीतभरावर असतो आणि पेशंट नेमका तेव्हाच खोकतो. मग सिस्टर: बीपी, ऑक्सिमीटर, सलाइन. शीर सापडत नसेल तर पाच-सात मिनिटं वाकून. मग इंटर्न. एक्स-रेवाले. उलटी झाली की मावशी. सीएमओ (कॅज्युअल्टीचे ड्युटीवरचे डॉक्टर) तपासतात, पण बराच वेळ टेबलाशी केस पेपर लिहिण्यात जातो. मीही सीएमओ आहे, तेव्हा हे स्वतःबद्दलही लिहितो आहे.

संध्याकाळी स्टोअरचं रजिस्टर पाहिलं. एन-९५चं वाटप बरोब्बर उलट्या क्रमाने झालंय: आधी डॉक्टर, मग सिस्टर, उरले तर टेक्निशियन. मामा-मावशींना तीन पदरी साधा मास्क, तोही दोन दिवसांतून एक. कंत्राटी सफाईवाल्यांचं नाव रजिस्टरवर नाहीच, कारण ते "आपल्या आस्थापनेवर नाहीत".

नाइटच्या मामांनी मला दारातच धरलं. "साहेब, पेशंट तर आमीच उचलतो ना, मंग मास्क आमाले साधा कायले?" उत्तर नव्हतं.

केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाची २४ मार्चची पीपीईची मार्गदर्शिका जागा आणि काम बघून काय वापरायचं ते सांगते. त्यात हुद्द्याचा रकाना नाही. तेच पान छापून उद्याच्या टिपणीला जोडतो.

११ एप्रिल

टिपणी मंजूर. वाटप आता कामावरून: पेशंट उचलणारा, पेशंटवर वाकणारा, पेशंटची घाण काढणारा, हे तिघं आधी. एकाला पाच एन-९५, कागदी पिशव्यांवर नाव आणि वार. वापरलेला पिशवीत ठेवायचा, रोज पुढचा काढायचा, म्हणजे प्रत्येक मास्कला मध्ये चार दिवस विश्रांती. ओला झाला, रक्त उडालं किंवा पट्टी सैल झाली तर फेकायचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायचा नाही, आत घाम कोंडतो.

दोन सीनियर डॉक्टर नाराज. त्यांचं म्हणणं, साठा संपला तर? प्रश्न रास्त आहे. पण साठा संपायचाच असेल तर कोणाच्या तोंडावर संपावा, एवढंच आपल्या हातात आहे.

दाढीचा मुद्दा निघाला. दाढीवर एन-९५ कडेने बसत नाही, हवा तिथूनच आत शिरते. इंटर्न मुलांनी कुरकुर करत दाढ्या उतरवल्या. सलूनं बंद, त्यामुळे हॉस्टेलमध्ये एकमेकांच्या.

१४ एप्रिल

दाराबाहेर मंडप. लग्नं रद्द झाल्याने मंडपवाला रिकामाच होता, त्याने लोखंडी पाइप आणि हिरवी जाळी भाड्याशिवाय दिली. एक सिस्टर, एक इंटर्न, थर्मामीटर, ऑक्सिमीटर, मास्कचा गठ्ठा.

नियम एकच: आधी पेशंटच्या तोंडाला मास्क, मग नाव-गाव. दहा जणांनी एन-९५ घालण्यापेक्षा खोकणाऱ्या एकाचं तोंड झाकणं स्वस्त, आणि मास्क नसेल तर गमछाही चालतो. ताप, खोकला, दम किंवा ऑक्सिजन ९४च्या खाली असेल तर डावीकडे, सारीच्या (तीव्र श्वसनविकाराच्या) बाजूला. बाकी उजवीकडे. अपघात आणि विषबाधा थांबणार नाहीत, ते थेट आत, पण आतल्या माणसाने त्यांना निगेटिव्ह समजायचं नाही.

पेशंटबरोबर एक नातेवाईक. हा नियम कागदावर सोपा आहे. इकडे माणूस आजारी पडला की टमटम भरून माणसं येतात आणि "फक्त बघून जातो" म्हणतात. सिक्युरिटीवाल्याला अरेरावी करायला लावण्यापेक्षा जुन्या सायकल स्टँडखाली बाकं आणि माठ ठेवला. बसायला जागा दिली की निम्मे तिथेच थांबतात.

२० एप्रिल

एका दानशूर मंडळाने गेटवर सॅनिटायझरचा बोगदा उभारला होता. पाइपातून हायपोक्लोराइटचा फवारा, खालून माणसं डोळे मिटून जातात. १८ तारखेला मंत्रालयाचं पत्र आलं: माणसांवर जंतुनाशक फवारू नका. त्यामुळे काढायला कारण मिळालं. मंडळ रुसलं. त्यांना सांगितलं, त्याच पैशात पायाने दाबायचे सॅनिटायझर स्टँड करून द्या. वेल्डरने छान केले. बाटली साखळीने बांधली आहे, नाहीतर ती चालायला लागते.

हायपोचं गणित भिंतीवर लावलं: ५ टक्के द्रावणाचा एक भाग, पाणी चार भाग, म्हणजे १ टक्का. दर शिफ्टला नवीन. कॅन उन्हात पडले होते, ते आत हलवले. ऊन आणि उकाड्याने क्लोरीन उडून जातो, आणि नुसत्या वासावरून ताकद कळत नाही.

२३ एप्रिल

नेब्युलायझर (औषधाचं धुकं करून श्वासातून देणारं मशीन) हॉलमधून उचलला. यावर सगळ्यात जास्त वाद झाला. दम्याचा माणूस आला की मशीन लावायचं, ही हाताला लागलेली सवय. पण ते मशीन वीस-वीस मिनिटं पेशंटच्या श्वासासकट धुकं हवेत सोडतं, आणि शेजारी सिस्टर उभी. त्याऐवजी पंप (इन्हेलर) आणि स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधली पोकळ नळी. स्पेसरचा साठा नव्हता, म्हणून अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या. बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक, कडेने चिकटपट्टी, तोंड पेशंटच्या तोंडात. आतून साबणाच्या पाण्याने धुवून न पुसता वाळवायची, म्हणजे औषध प्लॅस्टिकला कमी चिकटतं. बाटलीवर पेशंटचं नाव, जाताना त्याच्याबरोबर. पंप मात्र दुसऱ्याच्या बाटलीला लावायचा नाही.

पहिल्याच आजोबांना संशय आला. "मशीन नाई लावत? पैसे नसन भेटले तुमाले." चार पफनंतर बोलता यायला लागलं तेव्हा शांत झाले.

नळी घालणं, सक्शन, सीपीआर, यांसाठी हॉलच्या टोकाची ड्रेसिंगची खोली. आत कमीत कमी माणसं, आणि नळी सगळ्यात सराईत हाताने घालायची. शिकायची ही वेळ नव्हे. अंबू बॅगला (हाताने दाबून श्वास देण्याच्या पिशवीला) फिल्टर. भेट आलेला, पेशंटच्या डोक्यावर ठेवायचा ॲक्रिलिकचा डबा वापरून पाहिला: दोन भोकांतून हात घालून नळी टाकताना मनगट वळत नाही, वेळ वाढतो. फोटो काढून झालाय, डबा स्टोअरमध्ये. (नंतरची भर: ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) असल्या नुसत्या डब्यांची तातडीची परवानगी काढून घेतली.)

२९ एप्रिल

हवा.

मला वाटतं या सगळ्या कामातली ही मुख्य गोष्ट आहे, आणि तिच्याकडे कोणाचं लक्ष नाही कारण ती दिसत नाही. सगळे दारांच्या कड्या पुसताहेत.

हॉल टेपने मोजला: १२ मीटर लांब, ७ रुंद, ३.५ उंच. २९४ घनमीटर. संसर्गजन्य रुग्णांच्या खोलीत तासाला बारा वेळा हवा बदलावी असं मानतात, म्हणजे आम्हाला ताशी साधारण ३,५०० घनमीटर बाहेर काढायला हवी. बारा वेळा बदलली तर हवेतले ९९ टक्के कण २३ मिनिटांत निघून जातात, सहा वेळा बदलली तर ४६ मिनिटं, दोनदाच बदलली तर १३८. शेवटच्या आकड्यात अख्खी सकाळ गेली आणि दुपारच्या पेशंटला सकाळच्या पेशंटची हवा मिळाली.

दुपारी हॉल रिकामा करून, ऑक्सिजनचे सगळे पॉइंट बंद आहेत हे स्वतः बघून, अगरबत्ती पेटवली. (ऑक्सिजन चालू असताना हे कोणी करू नये.) धूर बघत फिरलो. एकुलता एक एक्झॉस्ट दरवाजाच्या वर. तो दारातूनच येणारी ताजी हवा गिळून बाहेर फेकतोय. खाटांजवळ धूर सरळ वर जाऊन तिथेच लोंबकळत राहिला. आणि कूलर! दोन्ही कूलर हॉलच्या आत कोपऱ्यांत. आतलीच हवा ओढून, ओली करून, आतच फिरवताहेत. एकाचा झोत खाटांवरून थेट सिस्टरच्या टेबलावर. रात्रभर त्या टेबलाशी बसणाऱ्या सिस्टरला आम्ही मास्क कसा घालायचा ते शिकवत होतो.

एसीची मागणी आधीपासून पडून आहे. मी ती मागे घ्यायला सांगणार. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खिडक्या मात्र बंद करायला लावतो.

६ मे

पीडब्ल्यूडीचा मिस्त्री आला. दिवसभर त्याच्याबरोबर होतो. कूलर खिडकीच्या चौकटीत, तीन बाजू बाहेर, म्हणजे ओढेल ती बाहेरचीच हवा. सिस्टरचं टेबल आणि सीएमओचं टेबल कूलरच्या बाजूला सरकवलं. दोन नवे मोठे एक्झॉस्ट समोरच्या भिंतीत, खाटांच्या उशाशी. वाऱ्याची वाट अशी: कूलर, आपण, पेशंट, बाहेर. पंख्याच्या पाटीवरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो, जाळी आणि धूळ बसली की कमी होतो, म्हणून हिशेबापेक्षा मोठे घेतले. बाहेर ज्या बाजूला हवा पडते तिथला पानाचा ठेला आणि बाकं हलवली.

पुन्हा अगरबत्ती. धूर खाटेवरून आडवा होऊन भिंतीकडे गेला. मिस्त्री खूश. म्हणाला, घरी कोंबड्यांच्या शेडमध्ये आपण असंच करतो साहेब, नाहीतर एक आजारी पडली की सगळ्या जातात.

कूलरच्या टाक्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून, घासून, वाळवायच्या. नाहीतर कोविडमधून वाचून डेंग्यूने पडायचो.

१९ मे

पारा ४५च्या पुढे. पूर्ण पीपीई किटमध्ये सिस्टर सहा तास. पाणी पीत नाहीत, कारण लघवीला जायचं तर किट उतरवावं लागतं. पाळीच्या दिवसांत काय होतं ते इनचार्ज सिस्टरनी सांगितल्यावर मी गप्प बसलो. काल एक ब्रदर चक्कर येऊन पडला.

निर्णय: मंडपात आणि उजवीकडच्या भागात पूर्ण किट बंद. एन-९५, फेसशिल्ड, गाऊन, ग्लोव्ह. पूर्ण किट फक्त सारीच्या बाजूला आणि ड्रेसिंगच्या खोलीत, चार तासांची पाळी. याला "सुरक्षा कमी केली" असा विरोध झाला. मला उलट दिसतं. किट चढवलं की माणूस निर्धास्त होतो, पाच पेशंट त्याच ग्लोव्हने तपासतो, आणि घाम पुसायला मनगट चष्म्याखाली घालतो.

किट उतरवण्यासाठी वेगळी खोली, मोठा आरसा, आणि समोर एक माणूस जो पायऱ्या मोठ्याने वाचतो. बाहेरचे ग्लोव्ह, हात चोळा. शिल्ड, हात चोळा. किट आतून बाहेर गुंडाळत, हात चोळा. मास्क सगळ्यात शेवटी, खोलीबाहेर येऊन, मागच्या पट्ट्यांना धरून. पुढून हात लावला की वाचणारा ओरडतो. हे काम एका मावशींना दिलंय. त्या कोणाचीही भीड ठेवत नाहीत, सर्जनलाही "हात चोळा आधी" म्हणाल्या.

१२ जून

कॅज्युअल्टीतले काही जण पॉझिटिव्ह. लक्षणं सौम्य, सगळे कोविड सेंटरमध्ये दाखल. दोन दिवस एकेकाशी फोनवर बोललो: कोणाजवळ, किती वेळ, मास्क होता का. पेशंटचा धागा जुळेना. ते एकाच पेशंटजवळ नव्हतेच. जुळला तो जेवणाचा धागा. हॉलच्या मागे औषधांच्या खोक्यांमध्ये एक खोली आहे, खिडकी नाही, जुना एसी. रात्री दीडच्या सुमाराला तिथे सगळे डबे उघडतात, एकाची भाजी सगळ्यांना, आणि अर्थातच मास्क खाली. चार तास काटेकोर, आणि अर्धा तास बंद खोलीत तोंडाला तोंड.

खोलीला कुलूप. जेवण-चहा मागच्या व्हरांड्यात, खुर्च्या लांब, दोघा-दोघांनी. इनचार्ज सिस्टर म्हणाल्या, "सर, डबापण एकट्यानं खायचा तर नाइट करायची तरी कशाच्या जोरावर?" खरं आहे. नाइटला त्या डब्याशिवाय असतं काय? व्हरांड्यात पंखा आणि दिवा लावून दिला. पुरेसं नाही, पण तेवढं केलं.

१७ जून

त्या चौकशीत निघालेली दुसरी गोष्ट जास्त बोचली. एक सफाईच्या मावशी तीन दिवस कणकण असताना कामावर येत होत्या. का सांगितलं नाही? खाडा पडतो. ठेकेदार खाड्याचे पैसे कापतो. चौदा दिवस क्वारंटाइन म्हणजे निम्मा पगार गेला. दारावर त्यांचा ताप रोज तपासत होतो, त्या गोळी घेऊन येत होत्या.

कायम कर्मचाऱ्याला रजा, कंत्राटीला खाडा, आणि विषाणूला दोघंही सारखेच. क्वारंटाइनचे दिवस हजेरीत धरावेत असं पत्र सीएस सरांच्या सहीने ठेकेदाराला गेलं. तोवर कर्मचारी निधीतून धान्य आणि थोडी रक्कम.

कोविड टाळण्यासाठी म्हणून हायड्रॉक्सीक्लोरोक्विनच्या (मलेरियाच्या) गोळीबद्दल रोज विचारणा. आयसीएमआरच्या मार्चच्या सल्ल्याप्रमाणे पहिल्या दिवशी ४०० मिलिग्रॅम दोनदा, मग आठवड्याला ४००, सात आठवडे. ज्यांना हवी त्यांना ईसीजी काढून दिली होती. या महिन्यात परदेशातल्या एका चाचणीत संपर्कानंतर दिलेल्या गोळीचा फायदा दिसला नाही. आग्रह सोडला.

११ जुलै

हजेरीच्या पत्रावर ठेकेदाराचं तोंडी "हो". लेखी नाही.

२३९ शास्त्रज्ञांचं पत्र आणि त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेचं निवेदन वाचलं: बंद, गर्दीच्या जागी हवेतून प्रसार नाकारता येत नाही. आता निदान एक्झॉस्टच्या बिलावर कोणी शेरा मारणार नाही.

पावसाने कूलर निघाले आणि खिडक्या लोक लावून घेतात. वरचे झरोके कायमचे उघडे ठेवून बाहेरून पत्र्याची झाप लावली. अँटिजेन किट आले, अर्ध्या तासात निकाल. पॉझिटिव्ह आला तर विश्वास ठेवायचा, लक्षणं असून निगेटिव्ह आला तर आरटी-पीसीआर. मंडपातल्यांना हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतंय, कारण निगेटिव्हचा कागद हातात आला की मास्क हनुवटीवर जातो.

१५ सप्टेंबर

बरेच दिवस लिहायला झालं नाही. वर बेड नाही, म्हणून पेशंट कॅज्युअल्टीतच आठ-दहा तास ऑक्सिजनवर. डावी-उजवी बाजू नावाला उरली. अशा वेळी माणसांच्या शिस्तीवर उभं केलेलं सगळं आधी ढासळतं: पायऱ्या वाचायला माणूस नाही, एक नातेवाईक हा नियम नाही. भिंतीत बसवलेलं मात्र चालू राहतं. एक्झॉस्टला दमायला होत नाही. पुन्हा कधी असं काम करायचं झालं तर पहिल्या आठवड्यातच मिस्त्री बोलवावा.

मामांमध्ये या महिन्यात लागण आहे, पण आता ती बहुतेक घरून येते. एकाच्या घरी आधी मुलगा, मग हे.

१६ जानेवारी २०२१

लस सुरू. आमच्या यादीत आधी कायम कर्मचारीच होते, हजेरीपटावरून उतरवलेली यादी. सफाईचे कंत्राटी, १०८चे चालक, केस पेपरच्या खिडकीतली पोरं राहिली होती. एप्रिलमध्ये एन-९५ वाटायला केलेली यादी कपाटात होती, तीच दिली. नावं चढली.

१९ फेब्रुवारी

अमरावतीत आकडे वाढताहेत. एका एक्झॉस्टची मोटर जळली होती, बदलली. एक जादा मोटर स्टोअरमध्ये, पावती फाइलला. जाळ्या दर सोमवारी साफ करायच्या, सही इनचार्ज सिस्टरची. ठेकेदाराचा करार मार्चमध्ये संपतो. नव्या निविदेत आजारपणाची पगारी रजा अट म्हणून घालायची टिपणी आज दिली. लेखा शाखेने "तरतूद?" असा शेरा मारून परत पाठवली आहे. सोमवारी स्वतः जाऊन बसतो.